एक गळा, तीन पिढ्या

आषाढी एकादशीची पहाट घ्या. मादन हिप्परग्यासारखे आपल्या सीमाभागातले एखादे गाव. चुली अजून पेटायच्या आहेत, एसटीची पहिली गाडी यायची आहे, आणि देवळावरचा कर्णा सुरू होतो. पंढरीच्या वाटेचे ते गाणे लागते. घरातली म्हातारी माणसे अंथरुणातच हात जोडतात.

आता त्याच गावातली १४ एप्रिलची संध्याकाळ घ्या. निळे झेंडे, निळ्या पताका, चौकात मांडव. तिथेही एक भरदार आवाज घुमत असतो. गाणे बाबासाहेबांचे असते. पोरे नाचतात, बाया पोरांना कडेवर घेऊन ऐकत उभ्या राहतात.

आणि मग लग्नसराईतली एखादी वरात. बँडवाला तोच तो पोपट वाजवतो आणि नवरदेवाचे मामा, जे एरवी कोणाशी बोलत नाहीत, तेही रुमाल काढून नाचायला उतरतात.

वाचकहो, या तिन्ही ठिकाणी ऐकू येणारे आवाज एकाच घरातले आहेत. ते घर म्हणजे शिंदे घराणे. प्रल्हाद शिंदे, त्यांचे पुत्र आनंद आणि मिलिंद, आणि आनंद शिंदे यांचे चिरंजीव आदर्श. सत्तर वर्षांच्या आसपासचा हा प्रवास आहे. रस्त्यावरच्या मांडवातून निघालेला लोकगीतांचा गळा सिनेमाच्या पडद्यापर्यंत कसा पोचला, त्याची ही हकिकत. पण ती केवळ यशाची हकिकत नाही. कोणती दारे कोणासाठी उघडी होती आणि कोणती बंद होती, हेही त्यातून कळते.

मंगळवेढ्याची माती

शिंदे घराण्याचे मूळ मंगळवेढ्याचे. सोलापूर जिल्ह्यातले हे गाव आपल्याला परके नाही. बसवण्णा कल्याणला येण्याआधी बिज्जळाच्या मंगळवेढ्यात होते, असे परंपरा सांगते. म्हणजे बसवकल्याणचा आणि मंगळवेढ्याचा धागा आठशे वर्षांहून जुना आहे.

दुसरा धागा दामाजीपंतांचा. दुष्काळात लोक अन्नावाचून मरू लागले तेव्हा त्यांनी सरकारी धान्याची कोठारे लोकांना लुटू दिली. बादशहा कुठला, तर आपल्या बिदरचा. शिक्षा होणार होती. तेव्हा विठोबा एका महाराचे रूप घेऊन बिदरच्या दरबारात आला आणि त्याने धान्याची सगळी किंमत मोजून पावती घेतली, अशी कथा आपल्या आज्या सांगत. कीर्तनकार ती आजही रंगवून सांगतात.

आणि तिसरे नाव चोखोबांचे. चौदाव्या शतकातले हे संत मंगळवेढ्यालाच गावकुसाचे काम करताना भिंत कोसळून त्याखाली गेले. त्यांची समाधी पंढरपूरला महाद्वारासमोर आहे. देवळाच्या बाहेर. जिवंतपणी त्यांना आत जाता आले नाही.

ही पार्श्वभूमी मुद्दाम सांगितली. देव महाराच्या रूपात दरबारात जातो अशी कथा ज्या मातीत सांगितली जाते, त्याच मातीत महाराला देवाच्या दारात उभे राहू दिले जात नव्हते. प्रल्हाद शिंदे यांचा जन्म १९३३ सालचा. पंढरपूरचे विठ्ठल मंदिर दलितांना खुले व्हावे म्हणून साने गुरुजींनी उपोषण केले ते १९४७ च्या मे महिन्यात. त्यानंतर दार उघडले. म्हणजे प्रल्हाद शिंदे तेव्हा तेरा-चौदा वर्षांचे पोर होते. मंगळवेढ्याहून पंढरपूर ते किती, पंचवीस किलोमीटरच्या आसपास! पण त्या वयापर्यंत त्यांच्या समाजाच्या माणसाला त्या देवळाचा उंबरा ओलांडता येत नव्हता.

पुढे त्याच माणसाने पंढरीच्या वाटेचे गाणे असे गायले, की आज त्या आवाजावाचून आषाढी सुनी वाटते.

वाटेवरचा आवाज

'पाऊले चालती' हे गीत दत्ता पाटील यांचे, संगीत मधुकर पाठक यांचे. ही नावे फार थोड्यांना ठाऊक असतात. आवाज मात्र सगळ्यांना ठाऊक असतो. 'ऐका सत्यनारायणाची कथा' हेही याच गळ्यातले. किती घरांत सत्यनारायणाची पूजा या गाण्याशिवाय सुरूच झाली नसेल!

या आवाजाला लोक 'पहाडी' म्हणतात. वरच्या पट्टीत चढलेला, तरीही न चिरकणारा, आणि शब्द स्पष्ट. मैफलीत बसून ऐकायचा हा आवाज नव्हे. उघड्या मैदानात, कर्ण्याची साथ असो वा नसो, शेवटच्या रांगेतल्या माणसापर्यंत पोचायला हवा, अशी त्याची घडण होती. त्यात कव्वालीचा बाज होता. ज्या काळात प्रल्हाददादा उभे राहिले तो कव्वालीच्या सामन्यांचा काळ. एका मांडवात दोन पार्ट्या समोरासमोर बसायच्या. एकाने सवाल टाकायचा, दुसऱ्याने जवाब द्यायचा. रात्र सरून दिवस उगवायचा. आपल्याकडे कलगी-तुऱ्याच्या आणि कन्नडमधल्या गीगी पदांच्या बैठका ज्यांनी ऐकल्या आहेत, त्यांना ही रीत वेगळी सांगायला नको. अशा सामन्यात जो गळा टिकतो तो कुठेही टिकतो.

आणि त्याच गळ्यातून भीमगीते आली. वामनदादा कर्डक यांच्यासारखे कवी शब्द लिहीत होते आणि प्रल्हाददादांसारखे गायक ते वस्तीवस्तीत नेत होते. १९५६ साली नागपूरला बाबासाहेबांनी बौद्ध धम्माची दीक्षा घेतली. पुढच्या काळात ज्यांच्या हातात पुस्तक पोचले नाही, त्यांच्यापर्यंत तो विचार गाण्याने पोचला. वामनदादा १५ मे २००४ रोजी गेले. त्यानंतर जूनमध्ये प्रल्हाददादाही गेले. शब्द आणि स्वर जणू मागोमाग निघाले.

इथे एक प्रश्न अनेकांच्या मनात येतो. आंबेडकरी चळवळीतला माणूस विठ्ठलाची आणि सत्यनारायणाची गाणी कशी गातो? याचे एक सरळ उत्तर आहे. गाणे हा त्यांचा धंदा होता, पोट त्यावर होते, आणि कंपनीला भक्तिगीते हवी होती. पण तेवढ्याने समाधान होत नाही. पोटासाठी गायलेले गाणे पन्नास वर्षे लोकांच्या डोळ्यांत पाणी आणत नाही. मला वाटते, वाटेवरच्या माणसाचे दुःख त्या गळ्याला आतून माहीत होते. चोखोबा वाटेवरच थांबले होते. वाट चालण्याचा अर्थ त्या मातीतल्या माणसाला जास्त कळणार नाही तर कोणाला?

कॅसेटचा जमाना आणि पोपट

आनंद आणि मिलिंद यांना गाणे शोधायला बाहेर जावे लागले नाही. ते वडिलांच्या पार्टीतच तयार झाले. अशा पार्टीत मूल कसे वाढते हे ज्यांनी पाहिले आहे त्यांना कळेल. आधी टाळ, मग कोरस, मग ढोलकीला हात, आणि एखाद्या रात्री मुख्य गायकाचा घसा बसला की 'पोरा, हे एक कडवे तू म्हण' अशी हाक. ज्या दिवशी मांडवातून त्याला 'वन्स मोअर' मिळतो, त्या दिवशी तो गायक होतो. प्रमाणपत्र देणारे समोर बसलेले असतात.

पण मुलांचा काळ वडिलांपेक्षा निराळा निघाला. वडिलांच्या वेळी तबकडी होती. ती वाजवायला लागणारी फोनो मशीन गावात एखाद्याच्याच घरी असायची. ऐंशीच्या दशकात टेपरेकॉर्डर आला आणि सगळे चित्रच पालटले. आखातातून आलेल्या पाहुण्याने आणलेला, हुंड्यात मिळालेला, हप्त्याने घेतलेला, कसाही असो, पण टेप घरोघर झाला. कॅसेट स्वस्त होती. मोठ्या कंपनीने रेकॉर्ड काढली तरच गायक, ही अट गेली. टी सीरीज, व्हीनस अशा नव्या कंपन्यांनी गावाकडची गाणी धडाक्याने काढली. आपल्या बसस्थानकांवर, आठवडी बाजारात, पानाच्या ठेल्यावर कॅसेटींचे ढीग लागले. ट्रक आणि वडाप जीप यांनी ती गाणी गावोगाव पोचवली. कानडी गाणी आणि मराठी गाणी एकाच टोपलीत विकली जात. गिऱ्हाईक दोन्ही घेई.

या लाटेवर 'नवीन पोपट' आला. आनंद-मिलिंद शिंदे ही जोडी घराघरांत गेली ती या पोपटामुळे. गंमत अशी, की त्याच सुमारास हिंदी सिनेमात आनंद-मिलिंद नावाचीच एक संगीतकार जोडी गाजत होती. ती संगीतकार चित्रगुप्त यांची मुले. १९८८ च्या 'कयामत से कयामत तक'चे संगीत त्यांचे. शहरात आनंद-मिलिंद म्हटले की ते, आणि आपल्या गावात म्हटले की हे!

पोपटाचे गाणे सोज्वळ माणसांना रुचले नाही. दोन अर्थांचे, थिल्लर, असे शेरे बसले. वडिलांनी विठ्ठल गायला आणि मुले हे काय गातात, असेही लोक म्हणत. पण लोकगीताची जरा आठवण करा. हळदीच्या रात्री आपल्या आत्या-मावश्या व्याह्यांना उद्देशून जी गाणी म्हणतात, त्यातले शब्द कधी कोणी छापले आहेत का? लग्नाच्या मांडवात चेष्टा ही रीतच आहे. आनंद शिंदे यांनी ती चेष्टा वाद्यमेळावर चढवली. त्याच काळात, त्याच गळ्याने, ते भीमगीतेही गात होते, आणि एप्रिल महिन्यात तीच गाणी वस्तीवस्तीत लागत होती. लोकांना यात विसंगती वाटली नाही. देवळात एक, चौकात एक आणि वरातीत एक, असे प्रत्येक घरातच चालते. मग गायकाने तेवढे एकच का गावे?

सिनेमाचे दार

कॅसेटचा गायक आणि सिनेमाचा गायक यांत पूर्वी मोठी भिंत होती. सिनेमात गायचे ते शहरातल्यांनी, आणि गावठी गळा लागला तर त्याची नक्कल करून घ्यायची, असा रिवाज. ही भिंत पडायला २००६ साल उजाडले. केदार शिंदे यांच्या 'जत्रा' चित्रपटात अजय-अतुल या संगीतकारांनी 'कोंबडी पळाली' गाण्यासाठी आनंद शिंदे यांना वैशाली सामंत यांच्याबरोबर उभे केले. नक्कल नाही, अस्सल माणूस. गाणे किती गाजले हे सांगायला नको. त्या वर्षी गणपतीत आणि लग्नात दुसरे काही वाजतच नव्हते.

या गाण्याचा पुढचा प्रवासही ऐकण्यासारखा आहे. २०१२ च्या 'अग्निपथ' या हिंदी चित्रपटात अजय-अतुल यांनीच ही चाल 'चिकनी चमेली' म्हणून पुन्हा वापरली. ती श्रेया घोषाल यांनी गायली आणि देशभर पोचली. चाल दिल्लीपर्यंत गेली. पण ज्या गळ्याने ती महाराष्ट्राच्या अंगात भिनवली, त्याचे नाव दिल्लीला ठाऊक झाले का? लोकगायकाच्या नशिबी हे नेहमीचेच. गाणे पुढे जाते, माणूस मागे राहतो.

असाच अनुभव दुसऱ्या एका दारात आला. नोव्हेंबर २०२० मध्ये महाराष्ट्राच्या त्या वेळच्या सरकारने राज्यपाल-नियुक्त आमदारकीसाठी बारा नावे पाठवली. साहित्य, विज्ञान, कला, सहकार, समाजसेवा या क्षेत्रांतल्या माणसांसाठी घटनेने ठेवलेल्या या जागा. राष्ट्रवादीच्या वाट्यातून आनंद शिंदे यांचे नाव होते. ती यादी राजभवनात पडून राहिली. २०२२ मध्ये सरकार बदलले आणि यादीच मागे घेतली गेली. राजकारणाचा तो भाग बाजूला ठेवू. पण मांडवात गाणाऱ्या माणसाला कलावंत म्हणून सभागृहात बसवावे असे कोणाला तरी वाटले, आणि ते झाले नाही, एवढी नोंद करायला हवी.

गाभाऱ्यापर्यंत

तिसरी पिढी आदर्श शिंदे यांची. २०१३ च्या 'दुनियादारी' चित्रपटात अमितराज यांच्या संगीतात त्यांनी 'देवा तुझ्या गाभाऱ्याला' हे गाणे गायले आणि तरुण पोरांच्या मोबाईलमध्ये तो आवाज जाऊन बसला. आजोबांच्या आवाजातला तोच चढ, पण कॉलेजच्या पोराचे दुःख सांगणारा. नीट पाहा. आजोबांचे गाणे वाटेचे, नातवाचे गाणे गाभाऱ्याचे. कोणी ठरवून केलेले नाही, गीतकार वेगळे, काळ वेगळा. तरी जुने दिवस माहीत असलेल्या माणसाला ते जाणवल्यावाचून राहत नाही.

२०१६ च्या 'पोश्टर गर्ल'मध्ये बापलेक एकत्र आले. 'आवाज वाढव डीजे' हे गाणे आनंद आणि आदर्श या दोघांनी मिळून गायले. आणि २०१९ साली स्टार प्रवाह वाहिनीवर बाबासाहेबांच्या जीवनावरची मालिका सुरू झाली, तेव्हा तिचे शीर्षकगीत आदर्श आणि त्यांचे बंधू उत्कर्ष यांनी बांधले. उत्कर्ष हे शिक्षणाने डॉक्टर. म्हणजे घराण्यात शिक्षण आले, पैसा आला, वाहिन्या आल्या, तरी गाणे आणि चळवळ सुटली नाही. आजोबा जे चौकात गात होते, ते नातू रोज रात्री टीव्हीवरून घरोघर गाऊ लागला. ज्या घरांत पूर्वी भीमगीत लागत नव्हते, त्या घरांतही ते जेवणाच्या वेळी ऐकू आले. हे छोटे यश नव्हे.

गाण्याचे पैसे कोणाचे?

आता व्यवहाराचे थोडे बोलू, कारण आपल्या भागातली पुष्कळ पोरे गायक व्हायची स्वप्ने पाहतात आणि व्यवहार कोणी सांगत नाही.

लोकगायकाचे उत्पन्न मुख्यतः सुपारीवर असते. सुपारी म्हणजे कार्यक्रमाचा विसार. गुढीपाडव्यापासून बुद्ध पौर्णिमेपर्यंत जयंत्या, जत्रा आणि लग्ने, मग गणपती, मग नवरात्र. एवढेच महिने कमाईचे. पावसाळा कोरडा. त्यात ढोलकीवाला, बेंजोवाला, ऑक्टोपॅडवाला, कीबोर्डवाला, कोरस, गाडी, सगळ्यांचे द्यायचे. मांडवात लोक हौसेने नोटा देतात, पावत्या वाचल्या जातात, पण तेवढ्यावर घर चालत नाही.

कॅसेटच्या जमान्यात साधारण रीत अशी, की गायकाला एकदा ठोक रक्कम द्यायची आणि विषय संपला. पुढे त्या कॅसेटी हजार खपोत की लाखो, गायकाचा संबंध नाही. वर नकली कॅसेटींचा बाजार वेगळाच. गाणे गावोगाव वाजायचे आणि गाणारा पुढच्या सुपारीची वाट पाहत बसायचा.

यात कायद्याने २०१२ मध्ये मोठा बदल झाला. आपला कॉपीराईट कायदा १९५७ चा. २०१२ च्या दुरुस्तीने गीतकार, संगीतकार यांचा रॉयल्टीचा हक्क पक्का केला आणि गायकालाही त्याच्या गाण्याच्या व्यापारी वापरातून वाटा मागण्याचा हक्क मिळाला. पाठोपाठ २०१३ मध्ये गायकांनी आपली संघटनाही काढली. हक्क कागदावर आला, तो हातात यायला करारपत्र वाचावे लागते. म्हणून आपल्या पोरांना एकच सांगणे: स्टुडिओत जाताना घसा जसा साफ करता तसे कागदही डोळ्यांखालून घाला. न वाचता सही करू नका. गीत कोणाचे, चाल कोणाची, आवाज कोणाचा, हे तिन्ही लिहून घ्या. मोबाईलवर गाणे चढवायला आज कोणाची परवानगी लागत नाही, पण चढवले कोणाच्या नावाने, यावर पुढचे सगळे अवलंबून असते.

आपल्या गावातले गळे

शिंदे घराण्याचा आवाज मोठा झाला, कारण त्याला ऐकणारे लोक मिळाले. पुरस्कार, मानपत्रे नंतरची. आधी रात्रभर जागणारे, पायावर बसलेले, थंडीत घोंगडी पांघरून ऐकणारे लोक होते.

आपल्या आळंद, अफजलपूर, बसवकल्याण, भालकी या भागात आजही असे गळे आहेत. एका रात्री ते कडकोळ मडिवाळप्पांची तत्त्वपदे कन्नडमध्ये गातात, दुसऱ्या रात्री तुकोबांचा अभंग मराठीत उचलतात, आणि १४ एप्रिलला भीमगीत म्हणतात. मध्ये दोन राज्यांची हद्द आहे हे गळ्याला ठाऊक नसते. शाळेत भाषेवरून वाद होतो, पाटीवरून होतो, पण भजनाच्या बैठकीत तो झालेला मी तरी पाहिला नाही. भजनी मंडळातल्या अशा माणसाला आपण हाक मारतो ती 'ओ बुवा' एवढीच, आणि कार्यक्रम झाला की चहा पाजून वाटेला लावतो. वर्षभर शेतात राबणारा तो माणूस कलावंत आहे हे आपल्या मनातही येत नाही.

डीजे आल्यापासून तर त्याची हाक आणखी कमी झाली. जयंतीला, जत्रेला, लग्नाला भिंतीएवढे स्पीकर लागतात, घरांची पत्रे थरथरतात, आणि गाणारा माणूस मांडवातून नाहीसा होतो. त्या स्पीकरवर वाजतात ती शिंद्यांचीच गाणी. पण शिंदे घडले ते स्पीकरपुढे नव्हे, माणसांपुढे. मांडवात माणूस उभाच राहिला नाही, तर पुढचा प्रल्हाद कुठून येणार?

म्हणून येत्या जयंतीच्या, जत्रेच्या वर्गणीतून एक रात्र तरी गावातल्या गाणाऱ्यासाठी राखून ठेवावी. त्याला ठरवून सुपारी द्यावी, उपकार म्हणून नव्हे. आणि कार्यक्रमाच्या फलकावर पुढाऱ्यांच्या फोटोखाली नव्हे, वर त्याचे नाव घालावे.

पुढच्या आषाढीला पहाटे कर्ण्यावर ते गाणे लागेल तेव्हा हात जरूर जोडा. पण गाणाऱ्याचे नाव शेजारी झोपलेल्या नातवाला सांगा. प्रल्हाद शिंदे, मंगळवेढ्याच्या मातीतले. ते चौदा वर्षांचे होईपर्यंत त्या देवळाचे दार बंद होते, हेही सांगा.